नको म्हणायची पद्धत

जेवण शनिवारी होतं, पण मला त्याची भीती मंगळवारपासूनच वाटायला लागली. नवऱ्याने ऑफिसातून फोन केला आणि म्हणाला, मॅनेजरने आपल्याला जेवायला बोलावलंय, दोघांनाही. मी सोफ्यावर डाव्या कुशीवर पडले होते. मला आठवा महिना लागला होता. मधे दोनदा रक्तस्राव झाला होता, म्हणून डॉक्टरणीने सक्त सांगितलं होतं की जास्त वेळ उभं राहायचं नाही, जड उचलायचं नाही आणि विमानाचं तर नावसुद्धा काढायचं नाही. मी विचारलं, का बोलावलंय? तो म्हणाला, माहीत नाही. 

२००८चा ऑक्टोबर होता तो. आम्ही मिशिगनमधे नोव्हाय नावाच्या गावात राहत होतो आणि नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगच्या कामावर होता. मंदीच्या त्या दिवसांत आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमधे सामान हलवायचा भाड्याचा ट्रक उभा दिसला की कुणी काही विचारायचं नाही. खालच्या मजल्यावरचं चेन्नईचं कुटुंब तीन आठवड्यांत सामान आवरून परत गेलं. जाताना त्या बाईने आपली कढीपत्त्याची कुंडी माझ्या दारात आणून ठेवली. तिला पाणी घालताना मी मनात आमचंच सामान मोजायचे.

नवऱ्याच्या ग्रुपमधे तर जेवण या गोष्टीचीच धास्ती होती. मॅनेजरने गेल्या दोन महिन्यांत दोघांना एकेकट्याला जेवायला नेलं होतं आणि पुढच्या आठवड्यात दोघांचीही टेबलं रिकामी झाली होती. बकऱ्याला आधी पाला चारतात तसला प्रकार, असं सगळे म्हणायचे, आणि हसायचे, पण ते हसणं काही खरं नव्हतं. तिसरा नंबर भाऊंचा लागला. भाऊ म्हणजे नवऱ्याच्या ग्रुपमधले सगळ्यात सिनियर, नागपूरचे, त्याच्याहून बारा वर्षांनी मोठे. आम्ही अमेरिकेत आलो तेव्हा विमानतळावर घ्यायला तेच आले होते. माझं डोहाळजेवण त्यांच्याच घरी झालं होतं, हिरव्या बांगड्यांसकट, वहिनींनी हौसेने केलेलं. त्यांना मॅनेजर जेवायला घेऊन गेला त्याला दहा दिवस झाले होते, आणि भाऊ अजून कामावर होते. नवऱ्याने त्यांना खोदून विचारलं, तर म्हणाले, जेवण झकास होतं, तिथे मेनूच नसतो, बाई जे आणून ठेवील ते खायचं. आणि लगेच थंडी किती पडून राहिली यावर गेले. नवऱ्याने त्यातून असा अर्थ काढला की भाऊ वाचले, म्हणजे आपणही वाचू. मी असा काढला की यादी अजून चालू आहे.

आता मला नक्की कसली भीती वाटत होती ते सांगते. नोकरी गेली की व्हिसा गेला. व्हिसा गेला की हा देश सोडायचा. आणि मला तर विमानात पाऊल ठेवायची बंदी. दवाखान्याचा विमा तोही नोकरीवरचाच. माझ्या स्वतःच्या व्हिसावर मला काम करायची परवानगी नव्हती. म्हणजे इथे राहायची सोय नाही, जायची परवानगी नाही आणि पोटातलं बाळ कुणासाठी थांबणार नाही. पहाटे जाग आली की मी हेच घोळत पडायचे. नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणायचा, अगं होईल काहीतरी. हे त्याचं काहीतरी ऐकून माझ्या डोक्यात तिडीक जायची.

त्याच्याबद्दल एक सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी पुण्याची, तो नागपूरचा. लग्न ठरल्यावर तो पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आला तेव्हा आईने विचारलं, श्रीखंड वाढू? तो म्हणाला, नको. आईने बरं म्हटलं आणि पातेलं आत नेऊन ठेवलं. नंतर कळलं की हा पठ्ठ्या स्टेशनवर जाऊन वडापाव खाऊन गाडीत बसला. उलट मी त्याच्या घरी गेले तेव्हा पोट तुडुंब भरलं म्हणून मनापासून नको म्हटलं, तर सासूबाईंनी ताटात अजून दोन पुरणपोळ्या घातल्या. वर तुपाची धार. त्यांच्याकडे पहिलं नको हे नुसतं सभ्यतेचं असतं, दुसरं जरा लाजण्याचं, आणि तिसऱ्यांदा वाढणारीने ऐकायचंच नसतं. आमच्याकडे नको म्हणजे नको. लग्नानंतर पाच वर्षं मी त्याला यावरून चिडवत होते. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस, असं त्याचं नावच पाडलं होतं मी. त्यात हसण्यापलीकडे काही आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं.

शनिवारी साडेपाचला निघालो. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून बसल्या बसल्या बेसनाचे लाडू वळले होते, तो डबा मांडीवर.  हॉटेल डेट्रॉइटच्या मेक्सिकन वस्तीत होतं; तिथली बरीच घरं रिकामी होती, खिडक्यांवर फळ्या मारलेल्या. मी मनात म्हणत होते, बघ, ही पण माणसं कधीतरी इथे राहत असतील. मनाला असल्या वेळी चांगलं काही सुचतच नाही.

हॉटेल म्हणजे एका घराची पुढची खोली. पाचच टेबलं, त्यावर भरतकाम केलेले कपडे, कोपऱ्यात देवीची तसबीर आणि तिच्यापुढे ताजी झेंडूची फुलं. झेंडू बघून मला घटकाभर बरं वाटलं. मॅनेजर आधीच येऊन बसला होता. पन्नाशीचा, धिप्पाड, हळू बोलणारा गोरा माणूस. तो चार वर्षं कंपनीच्या मेक्सिकोतल्या प्लांटमधे होता, स्पॅनिश बोलायचा, आणि हॉटेलच्या बाईला नात्यातलं असल्यासारखा मिठी मारून भेटला. बाई साठीच्या असतील. बुटक्या, वेणी घातलेल्या, कमरेला एप्रन. हातात वही नाही, पेन्सिल नाही. माझ्या पोटाकडे त्यांनी एकदा नीट बघितलं आणि पाठीशी उशी आणून दिली. मॅनेजर म्हणाला, इथे काही मागवायचं नसतं, त्यांच्या मनात येईल ते त्या करतात, सगळं त्यांच्या आईचं, पण स्वतःच्या डोक्याने बदललेलं. मी मांसमच्छी खात नाही हे त्याने आधी फोनवर सांगून ठेवलं होतं.

काय येणार, किती येणार, कधी संपणार, काहीच कळायची सोय नाही. दुसऱ्या कुठल्या दिवशी मला मजा वाटली असती. त्या दिवशी मला वाटत होतं, मेनू असता तर निदान शेवटचं पान उघडून बघितलं असतं.

आधी लालभडक सरबत आलं, आंबटगोड. मॅनेजरने सांगितलं, फुलाचं आहे. जास्वंदीच्या जातीचं फूल निघालं. गणपतीला वाहायचं ते मी पीत होते. मग त्याच गाळून उरलेल्या पाकळ्या कांद्यावर परतून मक्याच्या छोट्या भाकरीत घालून आल्या. काही वाया घालवायचं नाही ही पद्धत मला ओळखीची वाटली आणि मी दोन खाल्ल्या. नंतर काळंकुट्ट काहीतरी भरलेली घडीची भाकरी आली. विचारलं तर म्हणे, मक्याच्या कणसावर पावसाळ्यात जी बुरशी येते ती. माझा हात तिथेच थांबला. आठव्या महिन्यात बुरशी! नवऱ्याने डोळ्यांनी खुणावलं, खा. मी मनात देवाचं नाव घेतलं आणि खाल्ली. चवीला चांगली होती, आळंब्यासारखी, पण त्यानंतर पोटात जरा काही हललं की मी दचकायचे.

एवढं होईपर्यंत मॅनेजरने कामाचा एक शब्द काढला नव्हता. निवडुंगाची कोशिंबीर आली. काटे काढलेला, भाजलेला निवडुंग, वर लिंबू आणि चुरलेलं पनीरसारखं काही. मॅनेजरने काटा-चमचा खाली ठेवला, हात पुसले, आणि मला वाटलं, आलं. 

तो हळूहळू सांगत होता आणि मी एकेक शब्द पकडत होते. टेस्टिंगचं बरंचसं काम मेक्सिकोच्या प्लांटला हलतंय. इथे फार लोक लागणार नाहीत. पण एक माणूस लागेल, इथेच राहून दर महिन्याला आठवडाभर तिकडे जाणारा, दोन्हीकडचं सांभाळणारा. ती जागा पक्की आहे, निदान तीन वर्षं. मग तो नवऱ्याकडे बघून म्हणाला, “तुझं नाव द्यावं असं मला वाटतं. पण तुझ्यावर काही लादायचं नाही. हवंय तुला?”

 व्हिसा, विमा, बाळ, सगळं त्या एका वाक्यात होतं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो ओशाळं हसला, मान हलवली आणि म्हणाला, “नो, नो. माझ्यापेक्षा सिनियर लोक आहेत. मी आहे तिथे ठीक आहे.”

मॅनेजर म्हणाला, ठीक आहे, तुझ्या मताचा मी मान राखतो. आणि त्याने निवडुंगाचा एक तुकडा तोंडात टाकला.

झालं. पातेलं आत गेलं. त्या टेबलावर ते कळलेली मी एकटीच होते, कारण मी पुण्याची. नवरा अजून तसाच बसला होता, चेहऱ्यावर ते लाजरं हसू घेऊन, दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत.  टेबलाखालून मी त्याच्या पायावर पाय दिला, तर तो मराठीत पुटपुटला, काय करून राहिलीस, थांब ना जरा. कशाला थांबू? मॅनेजर आता मेक्सिकोतल्या पावसाबद्दल बोलत होता. एकेक मिनिट जात होतं आणि माझं बाळ, माझा दवाखाना, आमचं इथलं घर, सगळं त्या मिनिटांबरोबर चाललं होतं. भीड भिकेची बहीण, आजी म्हणायची. इतकी खरी ती मला कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात बाई मोठं खापर घेऊन बाहेर आल्या. आत काळसर दाट रस्सा, त्यात रताळी आणि भोपळा. वासानेच मी ओळखलं, भाजलेले तीळ, दाणे, लवंग, करपेपर्यंत भाजलेली मिरची. आमच्या काळ्या मसाल्याची सख्खी बहीण. त्यात चॉकलेट आहे असं मॅनेजर म्हणाला. असेल. त्यांनी सगळ्यांना वाढलं, थोड्या वेळाने परत आल्या आणि नवऱ्याच्या पानापुढे पळी धरली. तो म्हणाला, नो, नो, थँक्यू. बाईंनी एक पळी वाढली. तो दोन्ही हात पानावर आडवे धरून परत नो म्हणाला. बाईंनी त्याचे हात सरळ बाजूला केले आणि अजून एक पळी वाढली, वर स्पॅनिशमधे काहीतरी बोलल्या. मॅनेजर खो खो हसला. म्हणाला, या कधीच कुणाचं नको ऐकून घेत नाहीत.

शेवटी मीच बोलायचं ठरवलं. नवऱ्याच्या साहेबाशी मी आजवर हवापाण्याव्यतिरिक्त बोलले नव्हते, आणि माझं इंग्रजी घाबरले की पळून जायचं. चूक झाली तर जे आहे तेही जाईल, हे कळत होतं. पण न बोलता बसायची भीती त्याहून मोठी होती. मी म्हटलं, “तुम्ही त्याला परत विचारा. त्याच्या घरी पहिलं नो खरं नसतं. या बाईंना कळलं, तुम्हाला नाही कळलं. प्लीज, परत विचारा.”

नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भर टेबलावर काही सांडलंय. मॅनेजर हसायचा थांबला.  मग म्हणाला, की एखाद्याने नाही म्हटल्यावर पुन्हा विचारणं म्हणजे त्याच्यावर दबाव टाकणं, असं त्याला वडिलांनी शिकवलंय. तो कुणालाच दोनदा विचारत नाही. आणि नवऱ्याकडे वळून म्हणाला, “तुला हवं असेल तर तू माग.”

माझा नवरा जन्मात कधी काही मागून घेत नाही. स्वतःच्या आईकडे मीठ मागत नाही. तो त्या काळ्या रश्श्याकडे बघत बसला, कान लाल झालेले. बाळाने बरगडीखाली एक लाथ मारली. मी टेबलाच्या कपड्यावरचं भरतकाम घट्ट धरून ठेवलं होतं. मला वाटलं, हा आता गप्पच बसणार, आणि मी उद्या ट्रकवाल्याला फोन करणार. शेवटी तो मान वर न करता म्हणाला, “मला ते काम हवंय.” एवढंच. आवाज इतका बारीक, की मॅनेजरला पुढे झुकावं लागलं.

मॅनेजरने मान डोलावली, म्हणाला, सोमवारी नाव देतो. माझे डोळे भरून आले, मी नाकाला रुमाल लावून मिरचीवर ढकललं. मग त्याने मला विचारलं, इंडियात सगळेच असं करतात का? जीव भांड्यात पडल्यावर माणूस चेकाळतो, तशी मी चेकाळले. म्हटलं, छे, आम्ही पुण्याची माणसं नाही करत, ही नागपूरकडची पद्धत, तुमच्या ग्रुपमधले ते दुसरे नागपूरचे सिनियर आहेत ना, तेही तसलेच. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. ताटातल्या रताळ्याचे काट्याने बारीक बारीक तुकडे करत राहिला. मी म्हटलं, विनोद कळला नाही वाटतं. शेवटी अक्रोडाच्या पांढऱ्या चटणीत बुडवलेली भरली मिरची आली, वर डाळिंबाचे दाणे, आणि मी ती एकही दाणा न ठेवता संपवली.

घरी येताना नवरा रागावलेला होता. माझ्या साहेबासमोर तू माझ्या घरच्या पद्धती काढतेस, म्हणाला. मी म्हटलं, हो, काढते, आणि गरज पडली तर परत काढीन. मग एका एक्झिटजवळ त्याने माझा हात हातात घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ग्रुपमधली सहा माणसं गेली. त्यात भाऊ होते. त्यांना थोडा अवधी मिळेल, दुसरीकडे काही बघतील, असं आम्हाला वाटलं होतं. पण तेव्हा कुठेच काही नव्हतं. दोन्ही मुलांना शाळेतून काढून त्यांनी नागपूरची तिकिटं काढली. जाण्याआधीच्या रविवारी दुपारी मी त्यांना जेवायला बोलावलं. उभं राहायचं नव्हतं म्हणून स्टुलावर बसून केलं सगळं, त्यांच्याकडचा गोळाभात आणि कढी.

वहिनी आणि मुलं आत टीव्हीसमोर बसली होती. टेबलावर आम्ही तिघंच होतो. नवरा खाली मान घालून जेवत होता. त्याला ती जागा मिळाल्याचं भाऊंना केव्हाच माहीत झालं होतं, आणि त्यांनी त्याच दिवशी फोन करून अभिनंदनही केलं होतं. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, मी काय बोलले ते. तो विषय निघू नये अशी धाकधूक मनात होतीच. भाऊच म्हणाले, त्या मेक्सिकन बाईचा रस्सा छान होता, नाही? आणि मग, भात कालवता कालवता, “मला आधी विचारलं होतं त्याने. मी म्हटलं, पोराला द्या, त्याच्या घरी बाळ येऊन राहिलं. म्हटलं, अजून एकदा विचारेल. मग पाहू.”

नवऱ्याचा घास हातातच राहिला. मला त्या मॅनेजरचं रताळं आठवलं. तो तिथे बसल्या बसल्या काय समजला होता, ते मला आत्ता, माझ्या स्वयंपाकघरात कळलं. मी विनोद केला होता.

 हातात कढीची पळी होती, म्हणून मी नेहमीसारखं विचारलं, भाऊ, वाढू? एरवी त्यांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले असते, बस बस बाप्पा म्हटलं असतं, आणि मी दोनदा तरी जबरदस्ती केली असती.

त्यांनी ताट उचलून माझ्यापुढे केलं. “वाढा,” म्हणाले.